कोरांटीखाली काय लावायचं

२७ ऑक्टोबर

आज तेजस्विनी माझ्याशी बोलली. म्हणून ही वही काढली. निवृत्त झालो तेव्हा शाळेतल्या मुलांनी दिली होती, आठ वर्षं कोरीच पडून होती.

सून सासऱ्याशी बोलली, हे लिहून ठेवावंसं वाटतं यातच आमच्या घराचं काय झालंय ते आलं. गेल्या नऊ डिसेंबरला आमची नात इंद्रायणी, पाच वर्षांची, बिबट्यानं नेली. संध्याकाळचे सहा वाजायचे होते. खेळता खेळता ती अंगणाच्या कडेला गेली. तिथे माझी कोरांटीची ओळ होती आणि ओळीला लागून आमचा ऊस. एवढंच. त्या दिवसापासून तेजस्विनीनं मला ताट वाढलं, चहा दिला, कपड्यांच्या घड्या घालून खाटेवर ठेवल्या. पण शब्द दिला नाही. मला त्यात गैर वाटत नाही. पोर माझ्या नजरेखाली होती.

तिसऱ्या दिवशी भरतनं, माझ्या मुलानं, कोयता घेतला आणि अंगणातली सगळी झुडपं जमिनीबरोबर केली. पांढरी कोरांटी, जांभळी कोरांटी, कुंदाची दोन झाडं, लालपत्ती. सगळी थंडीत फुलणारी. बाकीच्यांची अंगणं दिवाळीनंतर ओकीबोकी होतात तेव्हा आपलं फुलावं, या हौसेनं मी बारा वर्षं एकेक जमवलं होतं. ऊसही त्यानं मुळासकट उपटून काढला. आता तिथे कांदा आहे.

पण कोरांटी चिवट. पावसात बुडख्यातून फुटली, तिच्यामागं कुंदही फुटला. मांडीपर्यंत आलीय, कळ्याही धरल्यात. भरत येता-जाता बघतो, बोलत नाही.

सकाळी मी तिथलं गवत उपटत होतो. तेजस्विनी बादली घेऊन चालली होती, ती थांबली.

"आप्पा, हिच्याखाली काय लावता येईल?"

मला वाटलं माझ्या पाठीमागे प्रयागबाई, म्हणजे आमची मंडळी, उभी असेल. वळून बघितलं. कोणी नव्हतं.

"खाली म्हणजे?"

"ती मोकळी जागा. बघवत न्हाई."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार कसला करतोय, दुपारचं जेवणसुद्धा नीट गेलं नाही.

२९ ऑक्टोबर

काल दिवसभर कागदावर मांडणी केली. झुडपाच्या पायाशी लावायचं झाड निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. त्याची मुळं वरवरची हवीत, नाहीतर दोघांत भांडण लागतं. झुडपाच्या सावलीत ते तगलं पाहिजे. आणि थंडीत कोरांटी फुललेली असताना तेही फुललं पाहिजे, पण तिच्यावर कुरघोडी करता कामा नये. पांढऱ्या कोरांटीखाली रंग हवा, जांभळीखाली पांढरं. दोन झुडपांच्या मधे उंचीसाठी गवती चहा धरला होता.

तेजस्विनीला कागद दाखवला. तिनं उभ्याउभ्याच वाचला.

"गवती चहा नको."

"चहाला पात होईल. आणि नुसतं बुटकं बुटकं लावलं तर ओळ चपटी दिसते."

"गुडघ्याच्या वर काही नको, आप्पा. आणि कोरांटीच्या बी खालच्या फांद्या काढा. वट्यावरनं बघितलं तर खालून पल्याडचा उजेड दिसला पायजे."

बारा वर्षं बाग केली, पण अंगणाच्या कडेची झाडं लावताना त्यातून पलीकडचं दिसेल का, हा चौथा नियम मला सुचला नव्हता. गवती चहावर काट मारली.

२ नोव्हेंबर

पिंपळवंडीच्या रस्त्याला दादाभाऊची रोपवाटिका आहे. टोमॅटोच्या रोपांवर त्याचं सगळं चालतं, फुलझाडं आपली कोपऱ्यात, हौसेपुरती. तो म्हणाला, "गुरुजी, बुटका झेंडू न्या की. वीतभर वाढतो, थंडीत लई फुलतो."

बारा रोपं आणली. गुलछडीचे चार कंदही. अंगणात टोपली ठेवली आणि तेजस्विनीला हाक मारली. ती आली, वाकली, झेंडूचं पान बोटांत चुरलं आणि एकदम तोंडावर पदर दाबून घरामागं पळाली. बराच वेळ उलट्यांचा आवाज येत होता. प्रयागबाई तांब्या घेऊन धावली.

परत आल्यावर तेजस्विनी एवढंच म्हणाली, "वासाचं काही नको."

माझी मलाच लाज वाटली. त्या दिवशी इंदूवर झेंडूचेच हार होते. एवढं साधं माझ्या ध्यानात येऊ नये? रोपं मी तशीच शाळेत नेऊन दिली. गुलछडीही दिली.

८ नोव्हेंबर

आता यादीत उरलं काय, तर शेवंती, अबोली, सदाफुली आणि कडेला ऑफिस टाइम, ती दहाला उमलणारी बुटकी फुलं. तेजस्विनी हल्ली रोज दहाच्या सुमाराला माझ्याजवळ येऊन बसते. चेहरा उतरलेला असतो. प्रयागबाई तिला ज्वारीच्या लाह्या देते, त्या कोरड्याच खाते. तिला नीट जेवायला सांग म्हटलं तर प्रयागबाई म्हणाली, "तुमी तुमची झाडं बघा."

आज तिनं विचारलं, "पाणी न्हाई घातलं तर यातलं कुठलं तगंल?"

"शेवंती चार दिवसांत मान टाकते. अबोलीला ओल लागते, सावलीत असली तर धकते. सदाफुलीला काही लागत नाही. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही."

"मग सदाफुलीच जास्त लावू."

"अगं, मी आहे ना पाणी घालायला. मी कुठं चाललोय?"

तिनं यादीत सदाफुलीखाली रेघ मारली. लोणीकडची पोर, लहानपणी टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. पाण्याची काटकसर अंगात मुरलेली आहे. चांगलं आहे ते.

भरत आज दुसऱ्यांदा चाकणला गेला. इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून. कांद्याच्या औषधासाठी चाकणला कशाला जावं लागतं, कळत नाही.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आकाशकंदील लावला नाही, फराळ शेजारून आला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आज लागवड झाली. जांभळ्या कोरांटीखाली पांढरी सदाफुली, पांढरीखाली गुलाबी. कुंदाच्या सावलीत अबोलीची सहा रोपं. कडेनं ऑफिस टाइमचे तुकडे खोचले. कोरांटीच्या खालच्या फांद्या मी कात्रीनं वीतभर उंचीपर्यंत साफ केल्या. तेजस्विनी मधूनमधून वट्यावर जाऊन बघायची आणि तिथून हात करायची. अजून काढा, अजून. पाचव्यांदा म्हणाली, "आता दिसतंय."

मग माती दाबता दाबता ती आपणहून बोलायला लागली. इंदू कोरांटीची फुलं बोटांवर चढवायची, दहाही बोटांवर, आणि तशीच जेवायला बसायची. मग भात कसा कालवायचा म्हणून आईला भरवायला लावायची. हे सांगताना तेजस्विनी हसली. मी पण हसलो. वर्षभरात तिच्या तोंडून मी इंदूचं नाव ऐकलं नव्हतं.

मला वाटतं तिनं मला माफ केलं. माणूस उगाच कुणाशेजारी बसून माती कालवत नाही. घर हळूहळू सावरेल. पुढच्या वर्षी कुंदामागं अजून दोन वाफे काढू, असं मी तिला म्हटलं. तिनं मान हलवली.

२६ नोव्हेंबर

जांभळी कोरांटी फुलली. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, खाली पांढरी सदाफुली असल्यामुळे ती निराळीच दिसते.

भरत आज बराच वेळ ओळीपाशी उभा होता. मी जवळ गेलो. म्हटलं, "कसं वाटतंय?"

माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा. मी सदाफुलीचं सांगायला लागलो, तसा तो निघून गेला.

९ डिसेंबर

वर्ष झालं.

सकाळी भरत आणि तेजस्विनी दोघंच नदीवर जाऊन आले. प्रयागबाईनं इंदूच्या आवडीची गुळाची पोळी केली. कुणी खाल्ली नाही, गाईला घातली.

पहिल्या पानावर मी खोटं लिहिलंय. माझ्याच वहीत, जी कुणी वाचणार नाही, तिच्यातसुद्धा. आज ते खोडत नाही, खाली खरं लिहितो.

इंदू खेळता खेळता गेली नव्हती. मी तिला पाठवली. वट्यावर बसून मी पेपर वाचत होतो. थंडीत पहाटे दवानं बोटं गारठतात, म्हणून पूजेची फुलं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायची माझी सवय. मी म्हटलं, "इंदे, जा, चार फुलं आण कोरांटीची."

ती म्हणाली, "पांढरी का जांभळी?"

मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "दोन्ही."

पांढरी घराच्या बाजूला होती. जांभळी ओळीच्या टोकाला, उसाला लागून. पांढरी म्हटलं असतं तर ती चार पावलांत परत आली असती.

भरत ओरडत उसात शिरला, वस्तीवरची माणसं धावली. साठ पावलांवर ती सापडली. पुढं वनखात्याची माणसं आली, पिंजरा लागला, त्यात एक बिबट्या आलाही. तोच होता का, ते कुणी सांगू शकलं नाही. सगळ्यांनी मला विचारलं, पोर तिकडं कशी गेली? मी म्हणालो, खेळता खेळता. एकदा म्हटल्यावर तेच म्हणत राहिलो. मला मुलाच्या डोळ्यांची भीती वाटली. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं.

१२ डिसेंबर

अबोलीचं एक रोप मेलं, दुसरं आणायला दादाभाऊकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, आता तुमी दोघंच ऱ्हानार व्हय एवढ्या मळ्यात? भरतभाऊ चाकणला लागला ना कंपनीत? खोली बी बघितलीय म्हणं."

मी म्हटलं, हो हो. रोप घेतलं. घरी येईपर्यंत ते पिशवीत वाकलं होतं.

प्रयागबाई तांदूळ निवडत होती. विचारलं तर ताटातली बोटं थांबली नाहीत.

"पौष लागायच्या आत जायचं म्हणत्यात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमाला काय काय सांगायचं? तेजूला तिसरा महिना सरला, ते तरी कळलं का? आख्ख्या आळीला कळलं. पोर हितं वाढवायची न्हाई म्हणती ती. मी बी अडवणार न्हाई."

मी खाली बसलो. झेंडूचा वास, कोरड्या लाह्या, पाण्याशिवाय तगणारी झाडं. मी तिच्या शेजारी बसून प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं होतं आणि प्रत्येक कारण चुकलं होतं.

१३ डिसेंबर

सकाळी तेजस्विनी कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "बाळा, तू जा. जायलाच पाहिजे. पण त्याआधी मला काही सांगायचंय." आणि सांगितलं. पेपर, पांढरी का जांभळी, दोन्ही. सगळं. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही, दोरीवरच्या चिमट्यांकडे बघत होतो.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय, आप्पा. मी आत व्हते. भाकरी थापत व्हते. ऐकलं मी."

"मग—"

"इंदीनं इचारलं, तुमी म्हनालात दोनी. माझ्या मनात आलं, हाक मारावी. सांज झालीया, नको जाऊस म्हनावं. हात पिठात व्हते. म्हटलं, यील मिनिटात." चादर तिनं दोरीवर टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. "मी बी थांबवलं न्हाई. तुमच्याशी बोलायला तोंड उघडलं असतं तर पयलं तेच भाईर आलं असतं. म्हनून न्हाई बोलले. तुमाला शिक्षा म्हनून न्हवं."

मी विचारलं, मग मला झाडं लावायला का सांगितलं?

"आईंसाठी. त्यांना सैपाकघरातनं रोज ती जागा दिसती. आमी गेल्यावर त्यांनी काय बघायचं?"

माफीचं काही नव्हतंच त्यात. मी उगाच मनात घर बांधलं.

मग तिनं सांगितलं, भरतलाही माहीत आहे. शिमग्याच्या सुमाराला तिनंच सांगितलं, स्वतःचंही आणि माझंही.

"तो मला एका शब्दानं बोलला नाही."

"तुमी बोलाल म्हनून थांबलेत."

२१ डिसेंबर

भरतशी बोलायला तीनदा गेलो. एकदा तो मोटर दुरुस्त करत होता. एकदा फोनवर होता. आज तो रिकामा बसला होता, तर मी कांद्यावर करपा दिसतोय म्हणालो. तो म्हणाला, "हां."

कुंदाला कळ्या आल्या. मोजल्या नाहीत.

७ जानेवारी

आज ते गेले.

टेम्पो नऊला आला. सामान फारसं नव्हतं. कपाट, गॅस, दोन गाद्या, भांड्यांची पोती. इंदूची लहान खुर्ची तेजस्विनीनं आधी बाहेर काढली, मग आत ठेवली, मग पुन्हा बाहेर आणून टेम्पोत चढवली. प्रयागबाई तिच्या ओटीत तांदूळ आणि खोबरं घालत होती, तेव्हा भरत एकटाच टेम्पोमागं दोर बांधत होता. मी गेलो.

"भरत, त्या दिवशी इंदूला मी पाठवलं होतं. फुलं आणायला."

त्याचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय."

"मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

"ते बी म्हाईत हाय."

त्यानं गाठ मारली, ओढून बघितली. मग म्हणाला, "मला वाटायचं, ऊस मी अंगणापोतर लावला म्हनून झालं. तीन म्हयनं मी तेच उगाळीत व्हतो. तुमी बघत व्हता मला. त्याच टायमाला बोलला असता ना, आप्पा, तर तुमच्या गळ्यात पडून रडलो असतो. काय म्हनालो नसतो. आता न्हाई येत रडू."

त्यानं दोराचं दुसरं टोक वरून माझ्या बाजूला टाकलं.

"वढा. त्या अंगाला ढिला ऱ्हायलाय."

मी दोर ओढला. त्यानं पलीकडून ताणला. कपाट हललं नाही. माझ्या हाताची गाठ नीट बसेना, तसा तो वळसा घालून आला, माझ्या हातातून दोर घेतला आणि बांधला. बोटं बोटांना लागली, एवढंच.

तेजस्विनी पाया पडली. तोंडून आशीर्वाद निघेना. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आप्पा," आणि माझा हात धरूनच उठली, कारण तिला आता वाकून उठणं जड जातं.

२१ जानेवारी

चौदा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. प्रयागबाई आणि मी सकाळी चहा घेतो, ती दारात बसते, मी वट्यावर. तिलाही मी चार दिवसांपूर्वी सगळं सांगितलं. ती ऐकून उठली, शेरडांना पाणी पाजून आली आणि म्हणाली, "मला सगळ्यात शेवटी सांगितलंत." दोन दिवस बोलली नाही. काल बोलली.

आज दुपारी भरतचा फोन आला, तिच्या फोनवर. तिची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाला, "आप्पांना दे." गेल्यापासून पहिल्यांदाच. मी फोन कानाला लावला. पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते.

"डॉक्टरनी जूनची वीस तारीख दिलीय," तो म्हणाला.

"मी येऊ का तेव्हा?"

तो थांबला. मीही थांबलो. घाई करून काही म्हणायचं नाही, एवढं मी आता शिकलोय.

"या," तो म्हणाला. "आईला घिऊन या. बाळ बघा. पर ऱ्हायचं आत्ताच म्हनू नका, आप्पा. मला जमल तवा मीच सांगीन."

मी म्हटलं, "बरं."

फोन प्रयागबाईला दिला आणि कॅलेंडर काढून जूनचं पान उघडलं. वीस तारखेवर खूण करायला पेन्सिल घेतली, पण केली नाही. त्यानं या म्हटलंय, ते लक्षात राहील.